किगालीच्या तारांवर लावलेले फोटो

रवांडाची राजधानी किगालीत गिसोझी टेकडीवरच्या नरसंहार स्मारकात एका दालनात तारा ताणल्या आहेत आणि त्यांना चिमट्यांनी फोटो लावले आहेत. कुणाच्या लग्नातला, कुणी हौसेने स्टुडिओत जाऊन काढून घेतलेला, कुणी मुलाला कडेवर घेऊन कॅमेऱ्याकडे पाहत असलेला. २००४ साली खुल्या झालेल्या या स्मारकाच्या आवारात २,५०,००० हून अधिक माणसे पुरलेली आहेत, पण माझा पाय अडखळला तो या साध्या, घरगुती फोटोंपाशी.

१९९४ च्या एप्रिलपासून सुमारे १०० दिवसांत रवांडात ८ ते १० लाख माणसे मारली गेली आणि त्यांतली बहुतेक अल्पसंख्य तुत्सी समाजातली होती; मारणारे बहुसंख्य हुतू समाजातले कट्टरपंथी होते. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे नोंदवायला सुरुवात केली होती. साठ वर्षांनी नाक्यानाक्यावर तेच ओळखपत्र मागून माणसांचा जीव घेतला गेला. माणसांपाठोपाठ त्यांची घरे लुटली, जाळली गेली आणि घरांबरोबर फोटोही गेले. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोला हार घालून तो भिंतीवर लावतात. तिथे वाचलेल्या अनेकांकडे आईचा चेहरा पाहायला एकही फोटो उरला नाही, आणि ज्यांच्याकडे उरला, त्यांनी तो या स्मारकाच्या हवाली केला.

रवांडातल्याच न्यामाता गावच्या चर्चमध्ये आश्रयाला येऊन मारल्या गेलेल्यांचे कपडे बाकांवर रचून ठेवले आहेत. नरसंहार झालाच नाही म्हणणारे आजही आहेत, म्हणून अशा जागा राखल्याच पाहिजेत. तरीही अशा जागी मांडलेल्या कवट्यांच्या रांगेत आपल्याला माणूस दिसतो तो मारेकऱ्याने सोडला त्या अवस्थेत. कंबोडियातील तुओल स्लेंग या जुन्या तुरुंगाच्या भिंतींवरचे कैद्यांचे फोटोही तुरुंग चालवणाऱ्यांनीच काढलेले आहेत. किगालीतले फोटो मात्र आप्तांनी जपलेले आहेत. मुलांच्या दालनात तर एकेका मुलाच्या मोठ्या फोटोखाली त्याचा आवडता खाऊ, आवडते खेळणे लिहिले आहे आणि त्याच ओळींखाली त्याला कसे मारले तेही.

हे कागद फिके पडत जाणार. त्यांच्या प्रती काढून ठेवणे आणि फोटोत कोण आहे हे वाचलेल्यांकडून नोंदवून घेणे हे मला नव्या वास्तू उभारण्यापेक्षा तातडीचे काम वाटते. १९९४ साली १० वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे, आणि पुष्कळ घरांत त्याच्या आजीचे नाव सांगू शकेल असे दुसरे कुणी उरलेले नाही.