पेठेतली पाणबुडी

पुण्याला समुद्र नाही, याचं पुणेकराला कधीच फारसं वाईट वाटलेलं नाही. खडकवासल्याला जाऊन तिखटमीठ लावलेलं कणीस खायचं, पाण्यात पाय बुडवायचे आणि त्यालाच चौपाटी म्हणायचं. अशा गावातली मी बिनपगारी रजा काढून दीड महिना इंडोनेशियातल्या गिली त्रावांगान बेटावर प्रवाळ वाचवायला निघाले, तेव्हा घरातून एकच प्रश्न आला. "पगार किती देणार?"

देणार नव्हते. मीच देणार होते. राहण्या-जेवणाचे आणि डायव्हिंग शिकण्याचे पैसे आपण भरायचे आणि वर राबायचं. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे मी तेहतीस वर्षं दर महिन्याला मंडळाला पगार द्यायला हवा होता."

कामाचं वर्णन ऐकून तर ते हबकलेच. तिथे समुद्राच्या तळाशी लोखंडी सांगाडे ठेवून त्यांतून कमी दाबाची वीज सोडतात. पाण्यातले क्षार लोखंडावर चढतात, चुनखडीसारखा थर बसतो आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे जीव धरतात. "खाऱ्या पाण्यात करंट? आणि तू त्यात उतरणार?" त्यानंतर दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी मी कशी आहे हे कधी विचारलं नाही, सांगाडा कसा आहे हे विचारलं.

दीड महिना मी प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने मासे मोजले. पाण्याखाली पेन्सिल चालते, हे मला तिथे कळलं. मासे एका जागी थांबत नाहीत, हे आधी माहीत होतं, पण इतकं मनावर घेतलं नव्हतं.

शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यायचा, नाहीतर सोड्याची बाटली फोडल्यावर जे होतं ते आपल्या सांध्यांत होतं. हे आईला कसं पटवायचं या चिंतेत मी होते, तर तिला ते सगळ्यात आधी पटलं. "सोवळंच की. अठरा तास कुणाला शिवू नकोस."

खरा छळ मुंबईला उतरल्यावर सुरू झाला. डायव्हिंगचे रबरी बूट नीट वाळले नव्हते आणि ते सॅकमध्ये तळाशी होते. पुण्याच्या शेअर टॅक्सीत पनवेल येईपर्यंत मागचे गृहस्थ दोनदा हुंगले. घाटात त्यांनी न राहवून विचारलं, "सुकट कुणी आणलीय?" कोणीच बोललं नाही. मीही खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर डायव्हिंगचा अंगभर रबरी पोशाख, म्हणजे वेटसूट, गॅलरीतल्या दोरीवर टाकला. समोरच्या काकूंना अंधारात तो माणूस वाटला आणि उजेडात वास आला. दोन्ही तक्रारी त्यांनी आईकडे स्वतंत्रपणे नोंदवल्या. मासे वाचवायला गेलेल्या पोरीवर मासे शिजवल्याचा आळ यावा!

नाताळच्या सुट्टीपर्यंत माझी रजा शिल्लक होती. "फिरायची आवड आहे ना तुला?" असं म्हणून आईने मला फिरवायला काढलं. कोथरूडची मावशी, सातारा रोडचे मामा, चिंचवडची आत्या. बेटावर मोटारी नाहीत, घोडागाड्या आहेत. कोथरूडहून चिंचवडला जाताना त्या घोड्यांची फार आठवण आली.

आत्याने चहा ठेवायच्या आधीच तळहात पुढे केला. "आण."

"काय?"

"दीड महिना पोवळ्यात राहिलीस आणि आत्यासाठी एक पोवळं नाही? माझा मंगळ तुला माहीत नाही का?"

मी समजावलं. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, भूमध्य समुद्राकडचं. मी बांधत होते ते खडक रचणारं प्रवाळ, ते उचलून आणणं गुन्हा आहे, आपल्याकडेही १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. "छोटंसं चाललं असतं," ती म्हणाली.

तेवढ्यात माझी पर्स उघडून आईने आत्याला चिमूटभर वाळू दाखवली. पर्सच्या शिवणीत अडकून आली होती. "बघ तरी, कशी पांढरीशुभ्र आहे. तुळशीत घालणार आहे मी." इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दीड महिन्याचं ज्ञान उसळी मारत होतं. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात, त्यातली चुनखडी दळून मागून बाहेर टाकतात, ती पांढरी वाळू बरीचशी त्याचीच असते, असं मी सांगून टाकलं. आईने चिमूट कुठे झटकावी हे न सुचून ती तशीच धरून ठेवली. चहा डाव्या हाताने प्यायली.

शेवटी सगळे मालवणला गेलो. "इथे १९८७पासून सागरी अभयारण्य आहे," बसमध्ये मामांनी मोबाईलवरून वाचून दाखवलं. "प्रवाळ आहे, मासे आहेत. पैसे भरून विमानाने कुठे गेली होतीस म्हणे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली. होडीवरच्या दादांनी विचारलं, "पोहता येतं का?" मी तोंड उघडण्याआधी आई म्हणाली, "नाही हो, टिळक टँकवर दोन महिने गेली होती तेवढंच." दादांनी माझ्या अंगावर लाइफ जॅकेट चढवलं, टायर दिलं आणि वर माझं मनगट धरलं. आत्यासुद्धा माझ्यापेक्षा मोकळी तरंगत होती.

मास्क लावून तोंड पाण्यात घातलं. खाली पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरत होते. पाटी नव्हती, तरी बोटं आपोआप टायरवर मोजायला लागली. बऱ्याच वेळाने डोकं वर काढलं, तर आई होडीच्या कडेवर वाकून उभी.

"किती झाले?"

"तेवीस."

"मोजलेस ना? मग चल. हॉटेलात सोलकढी काढून ठेवायला सांगितलीय, गरम होईल."