लोखंडी नांगर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘यंत्र आणण्याआधी वही तपासा’ या माझ्या लेखावर ‘एक उद्योजक’ या नावाने आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी मूळ लेखाचा आशय थोडक्यात सांगतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची एखादी प्रणाली घेण्यापूर्वी उद्योजकाने ती नेमक्या कोणत्या कामासाठी हवी आहे हे ठरवावे, ते काम आज आपल्याकडे कसे होते हे स्वतः खाली उतरून पाहावे आणि प्रणाली चुकली तर निस्तरणार कोण, त्या माणसाचे नाव आधीच लिहून ठेवावे, एवढेच मी म्हटले होते. त्यावर आपले म्हणणे असे की हा सल्ला भित्र्यांचा आहे, महिन्याला दोन हजार रुपयांच्या वर्गणीसाठी इतके चर्वितचर्वण नको, परदेशी कंपन्यांची उदाहरणे भोसरीच्या कारखान्याला लागू पडत नाहीत, आणि शेवटी आपण लिहिता, “लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या काळात हे लेखक असते, तर लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे गावोगाव सांगत फिरले असते.”

मतभेदाचे मला वावडे नाही. या लेखमालेत माझ्या विरोधात लिहिणाऱ्या अनेकांना मी मनापासून उत्तरे दिली आहेत. परंतु वरचे वाक्य माझ्या एकाही मुद्द्याला हात लावत नाही. ते फक्त मला अडाणी ठरवते, आणि तेही टोपणनावाच्या आडून. ‘यंत्र घेऊ नका’ असे एक तरी वाक्य माझ्या लेखात असेल तर ते दाखवून द्यावे. ते नाही. ‘आधी तपासा’ याचा अर्थ ‘घेऊ नका’ असा लावून मग त्या अर्थावर तुटून पडणे ही वाद घालण्याची सरळ रीत नव्हे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. ऑनलाइन खरेदीचे पैसे हप्त्याने भरू देणाऱ्या स्वीडनच्या क्लार्ना कंपनीचे उदाहरण साठ-सत्तर माणसांच्या कारखान्याला जसेच्या तसे लागू होत नाही, हे आपले म्हणणे रास्त आहे. त्या कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केले की तिच्या यांत्रिक सहायकाने एका महिन्यात ग्राहकांशी 23 लाख संवाद केले आणि सातशे पूर्णवेळ माणसांइतके काम उचलले. पुढच्याच वर्षी तिच्या प्रमुखांनी खर्चावर अधिक भर दिल्यामुळे सेवेचा दर्जा उतरल्याचे सांगून पुन्हा माणसे घ्यायला सुरुवात केली. इतक्या मोठ्या कंपनीला असे माघारी वळणे परवडते, लहान कारखान्याला परवडत नाही. म्हणजे उदाहरण लागू होत नाही हे खरे, पण त्यामुळे सावधगिरीची गरज वाढते, कमी होत नाही.

आता नांगराकडे येतो, कारण आपला सगळा भर त्याच वाक्यावर आहे. लक्ष्मणरावांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु या कथेत आपण स्वतःला ज्या जागी बसवले आहे, ती जागा आपली नाही. लक्ष्मणराव नांगर बनवणारे आणि विकणारे होते. कृत्रिम बुद्धिमत्ता आपण बनवत नाही, आपण ती विकत घेणार आहात. त्या व्यवहारात आपण शेतकरी आहात. जमीन त्याची, बैल त्याचे, पीक बुडाले तर सावकाराचे देणेही त्याचेच. विकणाऱ्याचे फार तर एक गिऱ्हाईक जाणार. अशा माणसाने ‘याने माझ्या जमिनीचे काय होईल?’ असे विचारले तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही. त्याची समजूत चुकीची होती, पण प्रश्न विचारण्याचा त्याचा अधिकार चुकीचा नव्हता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर होती. लक्ष्मणरावांनी ती टाळली नाही, म्हणून ते मोठे. आज प्रणाली विकायला येणारा प्रतिनिधी तासाभराचे सादरीकरण करून जातो आणि प्रश्न विचारणाऱ्या मालकालाच मागासलेला ठरवले जाते.

दुसरे असे की नांगराची परीक्षा सोपी होती. बांधालगतच्या एखाद्या तुकड्यावर तो चालवून पाहता येत होता, आणि नांगरट खोल झाली की वरवरची हे डोळ्यांना दिसत होते. आजच्या प्रणालींची चूक अशी दिसत नाही. ती बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने, तितक्याच शुद्ध भाषेत समोर येते आणि तिचा फटका पुष्कळदा तिसऱ्यालाच बसतो. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादप्रणालीने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितले की तिकीट आता काढा, शोकप्रसंगीच्या सवलतीसाठी नव्वद दिवसांच्या आत अर्ज करा. कंपनीच्या नियमात अशी मागाहून सवलत नव्हती. प्रकरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा, ती प्रणाली ही वेगळी व्यक्ती असून आपल्या बोलण्याला तीच जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळला गेला आणि कंपनीला सुमारे 812 कॅनडियन डॉलर भरावे लागले. रक्कम क्षुल्लक आहे. पण ‘चुकले तर निस्तरणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवले नाही की मोठी कंपनीसुद्धा कसल्या युक्तिवादापर्यंत जाते, ते यातून कळते.

आपण असेही सुचवले आहे की मी कारखाना आतून पाहिलेला नसावा. माझी बरीच वर्षे भोसरीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली, आधी स्टोअरमध्ये आणि नंतर खरेदी व उत्पादन नियोजनात. तिथे ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा आणि उत्पादनाच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणकप्रणाली, बसवली तेव्हा मी खरेदीत होतो. एकच बोल्ट आयटम मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, तीन वेगवेगळ्या कोडने चढला होता, त्यामुळे पडद्यावर साठा शून्य आणि रॅकवर पेट्या भरलेल्या, असे प्रकार रोजचे होते. ते कालांतराने निस्तरले. जे निस्तरले नाही ते वेगळेच होते. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीचे (ओतशाळेचे) कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेले भाग, इतरांपेक्षा स्वस्त पडे, म्हणून प्रणाली ऑर्डर तिकडेच सुचवी. आमच्या स्टोअरकीपरच्या वहीत मात्र त्या फाउंड्रीच्या नावापुढे जून ते सप्टेंबरच्या रकान्यात लाल शाईची खूण असे. पावसाळ्यात साच्याच्या वाळूतला ओलावा तिथे नीट सांभाळला जात नसे आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आत वायूने पडलेली छिद्रे, निघत. वरून भाग स्वच्छ दिसे. मशिनिंग झाल्यावर छिद्र उघडे पडे, म्हणजे कास्टिंग तर गेलेच, वर त्यावर घालवलेले मशीनचे तासही गेले. रिजेक्शनची नोंद आमच्याकडे महिन्याच्या शेवटी एकत्रित होई, पुरवठादारवार होत नसे. त्यामुळे प्रणालीत ही गोष्ट कुठेच नव्हती. ती होती फक्त त्या वहीत, आणि वहीत काय आहे हे वरच्या मजल्यावर कोणालाच माहीत नव्हते.

माझ्या लेखाचे शीर्षक तिथून आले आहे. उद्या त्याच नोंदी कितीही हुशार प्रणालीला दिल्या, तरी ती अधिक सफाईदार वाक्यांत पुन्हा त्याच फाउंड्रीचे नाव सुचवील. नोंदीत जे नाही ते तिला कोण सांगणार? म्हणून म्हणतो की मालकाने किंवा व्यवस्थापकीय संचालकाने निर्णयाच्या बैठकीपूर्वी स्टोअरमध्ये, गुणवत्ता तपासणीच्या टेबलाजवळ आणि डिस्पॅचला जाऊन बसावे. हे काम सल्लागारावर सोपवण्यासारखे नाही.

आणि काम कोणते, या प्रश्नाला आपण ‘पुस्तकी’ म्हटले आहे, म्हणून एवढेच सांगतो. अमेरिकेतील झिलो ही कंपनी 2006 पासून घरांच्या किमतीचा यांत्रिक अंदाज लोकांना दाखवत होती. अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी कोणाचे फार बिघडत नव्हते. पुढे कंपनी स्वतःच घरे विकत घेऊ लागली आणि अशाच अंदाजांच्या भरवशावर किंमत मोजू लागली, तेव्हा नोव्हेंबर 2021 मध्ये तिला तो व्यवसाय बंद करून सुमारे पाव कर्मचारी कमी करावे लागले. माहिती म्हणून चालणारा अंदाज खरेदीचा भाव म्हणून चालला नाही. परदेशी ग्राहकाच्या पत्राचा इंग्रजी मसुदा, कोटेशनचा पहिला खर्डा, जुन्या तक्रारींची वर्गवारी ही कामे आजच प्रणालीकडे द्यावीत, कारण चूक झाली तर ती आपल्या टेबलावरच पकडता येते. पुरवठादाराची निवड, कामगाराचे मूल्यमापन, ग्राहकाला दिलेला तारखेचा शब्द या गोष्टी मात्र माणसाची सही झाल्याशिवाय बाहेर जाऊ नयेत.

दोन हजारांच्या वर्गणीविषयी फार लिहीत नाही. वर्गणी हा खर्च नव्हेच. उत्तर तपासणाऱ्या माणसाचा वेळ हा खर्च आहे. शिवाय वर्गणी घ्या किंवा न घ्या, आपल्या कार्यालयातील तरुण अभियंते स्वतःच्या मोबाइलवर ही साधने आजच वापरत असणार. ग्राहकाने गोपनीयतेच्या करारावर विश्वासाने दिलेले ड्रॉइंग त्यात चढवले जाते की नाही, याची चौकशी आपण केली आहे का? सॅमसंगच्या अभियंत्यांनी अंतर्गत संगणकीय कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर 2023 मध्ये त्या कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली होती. चीनच्या स्पर्धेबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही. माझ्या वयाबद्दलच्या शेऱ्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. आपण खरोखरच कारखाना चालवत असाल, तर आपल्याकडे ही प्रणाली कोणत्या कामाला लावली आहे आणि तिचे उत्तर कोण तपासतो, हे सविस्तर लिहा. ते मी इथे स्वतंत्र लेख म्हणून आनंदाने छापेन, आपल्या खऱ्या नावानिशी.