'प्राध्यापक झाला नाहीत तर पीएच.डी. फुकट' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी भाऊजींनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर लिहिलेलं, 'विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी अवश्य वाचा.' खाली चार मुद्दे: स्टायपेंडवर पोट भरत नाही, कंपन्या जास्त शिकलेल्यांना घेत नाहीत, प्राध्यापकी मिळाली नाही तर पीएच.डी. फुकट, म्हणून अर्ध्यावर असाल तर आजच सोडा. हा मेसेज याआधीही दोन-तीनदा फिरत माझ्याकडे आला होता, मी लक्ष दिलं नव्हतं. या वेळी रात्री भाचीचा फोन आला. ती पुण्यात पाषाणला जीवशास्त्रात पीएच.डी. करते, चौथं वर्ष आहे. "मावशी, बाबा म्हणतायत अजून वेळ गेलेली नाही, बँकेच्या परीक्षा दे." बोलताना रडत होती. म्हणून हे लिहिते आहे.

स्टायपेंडचं लगेच संपवते. नेट या पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही सरकारी फेलोशिप मिळालेल्यांना जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये लागू आहेत, घरभाडे भत्ता वेगळा. श्रीमंती नाही, पण उपासमारही नाही. पैसे महिनोन्‌महिने अडकतात हे मात्र खरं आहे, मीही उसनवारीवर दिवस काढलेत. फेलोशिप नसलेल्यांचे हाल तर याहून जास्त.

कंपन्या घेत नाहीत? हे पुण्यात बसून कुणी म्हणावं? कोव्हिशील्डचे डोस हडपसरला तयार झाले. मार्च 2020 मध्ये कोरोना तपासणीच्या पहिल्या देशी आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळाली, ती इथल्याच मायलॅबला. कोरोनावरची एमआरएनए लस हिंजवडीच्या जेनोव्हाने केली आणि 2022 मध्ये तिला परवानगी मिळाली. एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये 2007 पासून विज्ञानाच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या छोट्या कंपन्यांना जागा आणि उपकरणं मिळतात. या कामांना वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाशी झुंजलेली माणसं लागतात. एवढं मान्य करते की पहिली नोकरी मिळवताना 'तुम्ही इथे टिकणार नाही' हे ऐकावं लागतं. मी दोनदा ऐकलंय.

आता तो 'फुकट' शब्द. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

प्राध्यापकीच्या जागा कमी आहेत, हे मेसेजमधलं खरं. आपल्याकडे कायम जागा निघत नाहीत आणि चांगली शिकलेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षं काढतात. पण ही गोष्ट फक्त आपली नाही. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने 2010 च्या अहवालात तिथल्या विज्ञानातल्या पीएच.डी.धारकांचा हिशेब मांडला होता. निम्म्याहून जास्त, 53 टक्के, पदवीनंतर विज्ञानाबाहेरच्या कामांत जातात. विद्यापीठात कायम संशोधक होतात साडेतीन टक्के. प्रोफेसर होतात 0.45 टक्के, म्हणजे हजारात चार-पाच. आकडे तिकडचे आहेत, इकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण जिथे संशोधनावर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च होतो, तिथेही प्राध्यापक होणं हाच अपवाद असेल, तर बाकीच्या सगळ्यांना नापास कसं ठरवायचं?

माझंच सांगते. मी सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि आज पेटंटचं काम करते. पेटंट एजंटच्या परीक्षेला पीएच.डी. लागत नाही, विज्ञानाची पदवी पुरते. पण टेबलावर काय येतं ते बघा. ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचा खटला आठवतो? नोव्हार्टिसने इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपावर पेटंट मागितलं होतं. हे रूप शरीरात 30 टक्के जास्त उपलब्ध होतं, असा दावा होता. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) नुसार माहितीतल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप चालत नाही, त्याने गुण जास्त यायला हवा. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं: जास्त शोषलं जातं म्हणजे रोग जास्त बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. असे दावे माझ्यासमोर रोज येतात. तक्ता खरा आहे का, तुलना कशाशी केली, कोणता प्रयोग करायचा राहिला, हे मला दिसतं. कारण फसलेल्या रिअ‍ॅक्शन्सचे ढीग मी सहा वर्षं स्वतः उपसलेत. त्यातलं काय फुकट गेलं?

खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या तीस डिशमधून येणाऱ्या संकेतांतला मोबाइल-टीव्हीचा गोंगाट वेगळा काढायला शिकलेल्या मुलाला बँकेच्या आकड्यांत गैरव्यवहार शोधायला शिकवणं सोपं असतं. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शाळकरी मुलांना टाकाऊतून विज्ञान शिकवणं, क्लिनिकल ट्रायलचे अहवाल लिहिणं, मराठीत विज्ञान लिहिणं, हीही कामंच आहेत. आणखी एक. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा पुरते, पीएच.डी. सक्तीची नाही. मग 'प्राध्यापकीसाठीच पीएच.डी.' हे गणित मांडलं कुणी?

राहिलं 'आजच सोडा'. कधी सोडणं योग्यही असतं. गाइडशी पटत नसेल, तब्येत ढासळत असेल, मन कुठेच लागत नसेल, तर जरूर सोडावं. पण ते भाचीचं तिने ठरवायचं. तिचे प्रयोग चालू आहेत आणि पहिला पेपर लिहून होत आलाय. तिने मला मोजून तीन प्रश्न विचारले: पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन, करू का, सीव्हीत काय लिहू, आणि बाबांना काय सांगू. पहिल्या दोन प्रश्नांवर बोलायला येत्या शनिवारी ती माझ्या ऑफिसात येते आहे. तिसऱ्यासाठी भाऊजी, तुम्हीही या. चहाच्या वेळेला या, आणि तो मेसेज ज्यांना ज्यांना पाठवलात त्यांना हेही पाठवा.