गर्भातल्या बाळाचं ओझं एकट्या आईवर का?

गेल्या रविवारी भाचीचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं हौसेनं. ओटी भरता भरता एक काकू तिला म्हणाल्या, "ऑफिसचा ताण घेतेस ना, तो बाळाच्या जनुकांवर उतरतो बरं. शास्त्रज्ञच सांगतात." पोर तेव्हा हसली. नंतर आतल्या खोलीत माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मावशी, माझ्यामुळे बाळाचं काही बिघडलं तर नसेल ना गं?"

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

काकू ज्या शास्त्राचा हवाला देत होत्या ते असं: जनुकं तीच राहतात, पण त्यांचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा बदलतात. त्यांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नेदरलँड्सचं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं अन्नाची वाट अडवली, रेशन माणशी हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या दिवसांत आईच्या पोटात आलेल्या बाळांच्या एका जनुकावरच्या खुणा साठ वर्षांनंतरही सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या निघाल्या. यात त्या आयांचं काय चुकलं होतं? पण बातमी होते तेव्हा युद्ध गळून पडतं आणि आई तेवढी उरते. विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक सारा रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकामध्ये हेच कळकळीनं मांडलं होतं, की आयांना दोष देऊ नका.

आपल्याकडे पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात बायकांची रोजची कामंही नोंदवली होती. शेतातली मेहनत, पाणी भरणं. ज्यांना हे कष्ट जास्त, त्यांची बाळं जन्मतः लहान. मला हे वाचून डोक्यावरचा हंडा दिसला. त्या बाईला 'आनंदी राहा' सांगून काय होणार? तिच्या दारात नळ हवा.

आणि ऊसतोडीला गेलेली बाई? सातव्या महिन्यातही ती मोळी उचलते, कारण एक दिवस घरी राहिली तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ती फडातल्या कोपीपर्यंत, म्हणजे तिच्या झोपडीपर्यंत, पोहोचलेली नाही. गर्भसंस्काराच्या वर्गांवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या आपण बायकांनी या खाड्याबद्दल एकदा तरी आवाज उठवायला हवा. गर्भातल्या बाळाची एवढी काळजी असेल, तर मुकादमाला, कारखान्याला आणि सरकारला जाब विचारू या.

भाचीला मी सांगितलंय, तुझं काही चुकलेलं नाही. आता ते काकूंनाही सांगणार आहे.