२०० चा प्लॅन घ्या म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, ऑनलाइन गेममधल्या लॅगवर (खेळताना गेम अडकते त्याच्यावर) मी जो लेख लिहिला, त्याच्यावरची तुमची कमेंट वाचली. "लेख म्हणजे निव्वळ टाइमपास, लॅग म्हणजे नेट स्लो, २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, डीएनएस बदला, पिंग बूस्टर टाका, विषय संपला. आणि सगळं वायर-राउटरवाल्यांसाठी लिहिलं, मोबाईलवर खेळणाऱ्यानं काय करायचं?" असं तुमचं म्हणणं. शेवटचा प्रश्न रास्त आहे, त्याच्यावर खाली लिहितो. पण त्याच्या आधीचं जे सांगून राहिले ना, ते ऐकून गावातल्या पोरांचे पैसे जातात, म्हणून उत्तर जरा लांबणार.

गेमला डेटा लागतोच किती? एचडी व्हिडिओला जेवढा लागतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बारके बारके पॅकेट जातात अन् येतात, पाच एमबीपीएस चांगलं स्थिर असलं तरी भागते. लागते काय, तर पॅकेट लवकर जाऊन लवकर परत येणं (या वेळेलाच पिंग म्हणतात, मिलिसेकंदात मोजतात), आणि दरवेळी साधारण तेवढ्याच वेळात येणं. पाच एचपीची मोटर बसवली म्हणून विहीर घराजवळ येत नाही, तसं आहे हे.

आता हिशोबच करू. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. गेमचा सर्व्हर (ज्या कॉम्प्युटरवर गेम चालते तो) मुंबईत असला तर अमरावतीपासून धरा सातशे किलोमीटर, जाऊन-येऊन चौदाशे, म्हणजे सात मिलिसेकंद. केबल वाकडीतिकडी जाते, मधात राउटर लागतात, म्हणून त्याच्या दोन-तीन पट धरा. सर्व्हर सिंगापूरचा असला तर मुंबईपासूनच जवळपास चार हजार किलोमीटर, नुसत्या प्रकाशाचेच जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद गेले. ते कोणताच प्लॅन कमी करत नाही अन् बूस्टरही नाही. बूस्टर फक्त रस्ता बदलून देते, तुमच्या नेटवाल्याचा रस्ता खरंच लांबून जात असला तर फायदा होतो, नाहीतर उलटा एक थांबा वाढतो. डीएनएसचं तर कामच वेगळं आहे, नावावरून पत्ता शोधायचा, मॅच सुरू झाली की त्याचा संबंध संपला.

मग मुंबईच्या सर्व्हरवर १८० पिंग दिसतो तो येतो कुठून? हेच शोधायचं असते. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो उघडा, एकीत घरच्या राउटरला पिंग लावा (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ असते), दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर), अन् दोन्ही चालू ठेवून खेळा. राउटरचाच पिंग एक-दोनवरून उडी मारून ऐंशी-शंभरवर जात असला तर नेटवाल्याला फोन लावून काही होत नाही, तुमचं वायफाय खराब आहे. आपल्या इकडं मातीच्या जाड भिंती, टिनाचं छत, अन् उन्हाळ्यात खिडकीत पत्र्याचा कूलर ज्याच्यात टाकीभर पाणी. पत्रा अन् पाणी दोन्ही सिग्नल खातात, आणि लोकं राउटर नेमका त्याच्याच मागं ठेवतात. लॅन केबल टाका, नाहीतर त्याच खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा.

राउटरचा पिंग बरोबर अन् बाहेरचाच वाढत असला तर पहिले घरातले फोन बघा. लग्नाचे फोटो-व्हिडिओ कोणाच्या तरी फोनवरून क्लाउडवर चढून राहिले असतात. अपलोड भरलं की पॅकेट राउटरमध्ये रांगेत थांबतात अन् वीसचा पिंग तीनशे-चारशेवर जातो. याला बफरब्लोट म्हणतात, २०१२ पासून याच्यावर कोडेल नावाचा उपाय आहे, पण नेटवाले जे राउटर देतात त्यातल्या बऱ्याच राउटरमध्ये ती सेटिंग नसते. असली तर अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर लावा. नसली तर बॅकअप रात्री झोपताना करायला सांगा. तुमचा २०० चा प्लॅन डाउनलोडचा आहे का दोन्हीकडचा, तेही एकदा विचारून घ्या.

आता लाईट. शहरातल्या लेखांत हे कोणी लिहीत नाही. एक सेकंद लाईट झपकली तरी राउटर बंद पडून परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो, तेवढ्यात मॅच गेली. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला की हे मिटते, फक्त ॲडाप्टरवरचे व्होल्ट अन् अँपिअर बघून घ्या. तरी नेट जात असलं तर केबलवाल्याला विचारा, मधात खांबावर स्विच आहे का. खरं जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) असलं तर मधातल्या स्प्लिटरला, म्हणजे फायबर वाटून देणाऱ्या डबीला, लाईट लागतच नाही, पण खेड्यात पुष्कळ जणांनी खांबाखांबावर मीडिया कन्व्हर्टर (लाईटवर चालणारे डबे) लावून लाईन ओढली आहे, तिथली लाईट गेली की तुमचा यूपीएस काय करणार! राउटरवर लॉसचा (LOS लिहिलेला) लाल दिवा लागला असला तर सेटिंग चाळत बसू नका, फायबर तुटलं आहे, नाहीतर वांदरानं ओढलं.

आणि मोबाईलवाले. सेटिंगमध्ये सिम स्टेटसला जाऊन सिग्नल बघा, उणे ९० डीबीएमच्या आसपास असला तर बरा, उणे ११५ असला तर घराच्या आत खेळूच नका, गच्चीवर किंवा अंगणात या. फोन सारखा ५जी-४जी करून राहिला असला तर ४जीवरच ठेवा, प्रत्येक अदलाबदलीत पॅकेट अडकतात. दुसऱ्या सिमवर कॉल आला की बऱ्याच फोनमध्ये पहिल्याचा डेटा थांबतो, तिथं ड्युअल सिमचा काही इलाज नाही, ते सिम बंद करा. संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते, त्याला तुम्ही-मी काही करू शकत नाही.

एक राहिलं. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुराकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा चार्जिंगला लावून खेळणाऱ्याचा फोन तापून स्वतःच हळू होते. गेममध्ये पिंग हिरवा (म्हणजे कमी) अन् चित्र अडकते, तर तो लॅग नेटचा नाहीच. समोरचा गडी इथून तिथं उडून राहिला किंवा तुम्हीच मागं ओढल्या जाता, तर नेटचा.

तुम्ही नवीन प्लॅन घेतलाच आहे म्हणता, तर रात्री नऊला त्या दोन विंडो लावा अन् दोन्हीचे आकडे इथंच टाका. मग सांगतो पुढचं.