वय तपासा, पण ओळखपत्र साठवू नका

लहान मुलांना इंटरनेटवर काय दिसावं याला काही नियम हवेत, हे मला मान्य आहे. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून पॉर्न साइट्सना वय तपासणं बंधनकारक झालं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद करायला लावली. इतर देशांतही हीच चर्चा आहे. पण रोज सर्व्हरचा कोड लिहिणारी म्हणून मला धास्ती वाटते ती 'ओळखपत्राचा फोटो अपलोड करा' या बटणाची.

लोकांना वाटतं फोटो गेला, वय तपासलं, फोटो पुसला. प्रत्यक्षात तो फोटो स्टोरेजमध्ये जातो, रात्रीच्या बॅकअपमध्ये जातो, पडताळणी करणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे जातो. पडताळणी फसली आणि तुम्ही तक्रार केलीत, की सपोर्टच्या तिकिटाला, म्हणजे तुमच्या तक्रारीच्या नोंदीला, तोच फोटो पुन्हा जोडला जातो. 'डिलीट' म्हटल्यावर कितीतरी सिस्टिम्समध्ये रेकॉर्डवर फक्त एक खूण होते, रेकॉर्ड जागेवरच राहतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. चुकून पुसलेलं परत आणता यावं म्हणूनच आम्ही ते तसं बांधतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. वयाचा निर्णय चुकला म्हणून दाद मागणाऱ्यांनी दिलेली ओळखपत्रं बाहेरच्या सपोर्ट कंपनीमार्फत फुटली. सुमारे ७०,००० जणांचे फोटो उघड झाले असावेत, असं डिस्कॉर्डनेच सांगितलं. फुटलेला पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि चेहरा कसा बदलणार?

'सुरक्षा कडक करू' हे उत्तर मला पुरत नाही. २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. त्यांच्याकडे पासवर्ड हॅश करून, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात बदलून, ठेवायची व्यवस्था होती, आणि ती चांगली होती. तरी हॅश होण्याआधीच पासवर्ड एका अंतर्गत लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या कामाच्या नोंदवहीत, जसेच्या तसे लिहिले जात होते. इतके अनुभवी इंजिनिअर असलेल्या ठिकाणी हे होतं, तर वय तपासण्याच्या सक्तीमुळे घाईघाईत फॉर्म लावणाऱ्या छोट्या साइटकडून मी काय अपेक्षा ठेवू?

याउलट सिग्नल हे मेसेजिंग ॲप पाहा. २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांना एका खात्याची माहिती देण्याचा आदेश आला. त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि सर्व्हरशी शेवटचं कधी जोडलं गेलं. मेसेज, संपर्क, ग्रुप यातलं काहीच त्यांनी सर्व्हरवर ठेवलेलं नव्हतं. त्यांनी कुठलीही माहिती लपवली नाही, त्यांची सेवाच तशी बांधलेली आहे. मला हे आमच्या व्यवसायातलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

वयाच्या बाबतीतही असं बांधता येतं. साइटला फक्त 'ही व्यक्ती १८ च्या वरची आहे का' याचं हो किंवा नाही हवं असतं. नाव, पत्ता, जन्मतारीख न दाखवता तेवढंच सिद्ध करणारं तंत्रज्ञान आहे. युरोपियन कमिशनने २०२५ मध्ये अशा ॲपचा आराखडाही दिला. त्यातही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागेल: तो पुरावा देणाऱ्या संस्थेला तुम्ही तो कुठल्या साइटवर वापरला हे कळता कामा नये, नाहीतर तुमच्या भेटींची यादी तिच्याकडे तयार होईल.

म्हणून अशा प्रत्येक कायद्यात 'वय तपासा' या कलमाच्या लगेच खाली दुसरं कलम हवं: साइटने उत्तराशिवाय काहीही साठवायचं नाही, सपोर्टच्या तिकिटातही नाही, आणि साठवलेलं सापडलं तर दंड, माहिती फुटण्याची वाट न पाहता.