पुन्हा बल्ब गेला!

स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब पुन्हा गेला. दिवाळीत लावला होता, होळीसुद्धा बघितली नाही त्याने. खोक्यावर मात्र ठसठशीत छापलंय, 25,000 तास! रोज सहा तास धरले तरी अकरा वर्षं होतात.

या वेळी वरचं पांढरं टोपण काढून बघितलंच. आत बारा दाणे, म्हणजे प्रकाश देणारे इवलेसे एलईडी. त्यातल्या एकावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. सगळे एकाच माळेत जोडलेले, त्यामुळे एक मेला की अख्खा बल्ब बंद. अकरा धडधाकट दाणे कचऱ्यात! कंपन्यांनी दाणे कमी घालायचे, त्यांच्यातून करंट जास्त सोडायचा, उष्णता बाहेर नेणारं ॲल्युमिनियमही वाचवायचं. मग तापून मरणारच ना ते.

बरं, जमत नाही असंही नाही. 2016 साली फिलिप्सने दुबईसाठी बल्ब काढला, दाणे जास्त, करंट कमी, म्हणून कमी तापणारा आणि टिकाऊ. तिथल्या पालिकेने मागितला, मिळाला. आम्ही काय कुणाचं घोडं मारलंय?

ही खोड शंभर वर्षांची आहे. 1924 साली जिनिव्हात बड्या कंपन्यांनी फीबस नावाची टोळी केली आणि तेव्हाच्या तारेच्या बल्बचं आयुष्य 1,000 तासांवर आणून ठेवलं. जास्त टिकला तर बनवणाऱ्यालाच दंड!

दुकानदार म्हणतो, "ताई, वॉरंटी आहे, बिल आणा." बिल जपून ठेवलं होतं हो मी. शाई उडून पार कोरं झालंय ते.